माशांचा डबा

नाचणीचं पीठ उकळत्या पाण्यात पडलं की आधी मातीचा वास येतो, मग गुळाचा, आणि अगदी शेवटी, भांडं चुलीवरून खाली उतरवल्यावर, बडीशेपेचा. हा वास आमच्या घरात माणसांच्या जेवणाचा नाही, माशांच्या जेवणाचा आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच पहाटे तो वास माझ्या अंथरुणापर्यंत आला होता आणि मला वाटलं होतं, आज घरात काहीतरी सण असावा. उठून स्वयंपाकघरात गेले तर चुलीपुढे सासरे बसलेले, कोपरापर्यंत बाह्या सारून ऊन ऊन पीठ मळत. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. त्यांनी लिंबाएवढा एक उंडा वळला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "खाऊ नको, हां. हे खडसाचं हाय."

खडस म्हणजे आमच्या नदीतला मोठ्या खवल्यांचा मासा. हुबळी-धारवाडचे पाहुणे त्याला महासीर म्हणतात. अळणावर गावाच्या पलीकडे जिथे शेतं विरळ होत जातात आणि रान दाट व्हायला लागतं, तिथे आमचं गाव आहे, आणि गावाखालून नदी वाहते. नदीच्या ज्या पट्ट्यात परवानगी आहे तिथे अप्पा पाहुण्यांना गळ टाकायला घेऊन जातात, त्यावर घराला चार पैसे मिळतात. मासा गळाला लागला की ओल्या हातांनी उचलायचा, डोळे भरून बघायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा, असा अप्पांचा नेम. सुरुवातीला गावातले लोक हसायचे. सोडायचाच तर धरायचा कशाला, असं बायका पाणवठ्यावर मला विचारायच्या, आणि मला उत्तर येत असूनही मी घागर उचलून घरी यायची. मला पुष्कळ गोष्टींची उत्तरं येत असतात. चौथीपर्यंत शाळेत गेले तेव्हाही यायची. ती ओठांपर्यंत येतात, आणि समोरच्या माणसाचे डोळे दिसले की परत आत जातात.

नदीचं वर्ष आमच्या वर्षापेक्षा वेगळं असतं, हे मला हळूहळू कळत गेलं. पाऊस सुरू झाला की पाणी तांबडं होतं, काठावरच्या करंजाच्या मुळांना ओढायला लागतं, आणि त्या दिवसांत अप्पा गळाच्या काठ्या छताला बांधून ठेवतात. कारण खडस तेव्हा वर निघालेला असतो, उलट्या प्रवाहातून, खडकांवरून अंग टाकत, डोंगरातल्या लहान ओढ्यांकडे अंडी घालायला. परदेशात राहून आलेल्या एका पाहुण्याने एकदा सांगितलं होतं की फार थंड मुलखात सालमन नावाचा मासा असतो, तो समुद्रातून नदीत शिरतो आणि जिथे जन्मला त्या ओढ्यापर्यंत पोहत पोहत परत जातो. तिकडेही अप्पांसारखी माणसं असतात, ती ऋतू बघून लोकांना नदीवर नेतात. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. कधी न पाहिलेल्या त्या माशाची मला ओळख असल्यासारखं वाटलं. आम्ही बायकाही श्रावणात अशाच, पाऊस असो, चिखल असो, माहेरच्या वाटेला लागतो.

दसऱ्याच्या सुमारास पाणी निवळतं. आधी काठाजवळचे गोटे दिसायला लागतात, मग कमरेइतक्या पाण्यातले, आणि एक दिवस असा येतो की डोहाच्या पोटातली हिरवी सावलीसुद्धा दिसते. थंडीत पहाटेचं धुकं पाण्यावर दुलईसारखं पडलेलं असतं, मासा खाली तळाशी बसून राहतो, तेव्हा जड उंडा लागतो. शिमगा झाला की पाणी उतरतं, नदीचे सुटे सुटे डोह होतात, खडक तापतात, आणि काठचे उंबर पिकायला लागतात. हे सगळं मी आधी स्वयंपाकघरातून ऐकलं. नंतर पाहुणे नसतील त्या दुपारी अप्पा मला बरोबर नेऊ लागले. गळ कसा बांधायचा, रिळाला बोट कसं लावायचं, मासा पळाला की दोरी का सोडायची, हे त्यांनी मला फारसं न बोलता शिकवलं. नदीवर बोलायचं नसतंच. पावलाचा आवाजसुद्धा खडकातून पाण्यात उतरतो. मला ते फार आवडायचं. जगात एवढी एकच जागा होती जिथे माझं गप्प राहणं कुणाला खुपत नव्हतं.

या उन्हाळ्यात अप्पांचा पाय मुरगळला. शेवाळ्यावरून घसरले, घोटा भोपळ्यासारखा सुजला, आणि निर्गुडीचा पाला बांधून ते कट्ट्यावर बसले ते बसलेच. आमचे हे धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात कामाला आहेत. पाळी संपवून आले, अप्पांचा पाय बघितला, आणि रात्री जेवताना म्हणाले, "अप्पा, बास आता हे नदीचं. तुम्हाला खडकावर चढवत नाही. पारूला बेलूरला लावतो. पॅकिंगला बायका घ्यायलेत." मग माझ्याकडे वळून, समजुतीच्या आवाजात, "तुला बरं पडतंय बघ. तिथं तोंड उघडायलाच लागत नाही." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. गावातल्या बायका जातात, गाडी रस्त्यापर्यंत येते, सावलीत काम असतं. मी मात्र हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. मला एकदम आठवलं की काठ्या छताला बांधल्या की त्या सोडायला कुणीतरी लागतं.

नेमका दुसऱ्या दिवशी हुबळीहून फोन आला. जुन्या हुबळीत कापडाचं दुकान असलेले अण्णा आमच्याकडे वर्षानुवर्षं येतात. या वेळी त्यांच्या गुडघ्याने दगा दिला होता, त्यामुळे गळ टाकणार होत्या त्यांच्या बायको, सरोजक्का. अप्पांनी फोनवर हात ठेवून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "येऊ दे. पारू नेईल."

"ही?" हे म्हणाले. "शेजारणीकडं मीठ मागायला लाजतीय ही."

"मासे कुठं तिला मीठ मागायला लावणार हाईत?" अप्पा म्हणाले.

शेवटी ठरलं ते असं. एक दिवस मी सरोजक्कांना नदीवर न्यायचं. नीट झालं तर दसऱ्यानंतर पाहुणे मी न्यायचे, अप्पांनी कट्ट्यावर बसून सांगायचं. नाही झालं, तर पुढच्या महिन्यापासून बेलूरची गाडी. मी मान हलवली. मला भीती वाटत होती, आणि भीतीच्या खाली, डोहात मासा कूस बदलतो तसं, दुसरं काहीतरी हलत होतं. ते काय होतं हे मी आज सांगू शकते. मला आनंद झाला होता.

त्या पहाटे मी दोन डबे भरले. आमच्याकडचे दोन्ही डबे सारखेच, स्टीलचे, कडीचे. एकात ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. दुसऱ्यात नाचणीचे उंडे, तेलाचा हात लावून गुळगुळीत केलेले. उजाडायच्या सुमाराला गाडी आली. आधी अण्णा उतरले, काठी टेकत, आणि त्यांच्यामागून सरोजक्का, ठसठशीत कुंकू, अंबाड्यावर अबोली-मोगऱ्याचा गजरा, पायात नवे कोरे कॅनव्हासचे बूट, आणि गाडीतच सुरू झालेलं काहीतरी बोलणं जे खाली उतरून तसंच पुढे चाललं होतं. "...तर मी म्हटलं, ते काही नाही, एवढी वर्षं घरी बसून ह्यांचे मासे ऐकले, हात पसरून पसरून दाखवायचे एवढा होता तेवढा होता, आता मीच जाऊन बघते. तूच पारू का गे? केवढीशी हाईस."

"अक्का," मी म्हणाले. तेवढंच आलं.

अण्णा कट्ट्यावर अप्पांच्या शेजारी टेकले. "जा, जा," ते बायकोला म्हणाले. "तुझं तोंड सुरू झालं की खालच्या धरणापर्यंत मासे पळतील. संध्याकाळी रिकाम्या हातानं आलीस की मी काही म्हणणार नाही. फक्त हसेन."

"हसा हसा. एक मासा धरून दाखवते, मग जन्मभर माझं ऐका."

"आता कुणाचं ऐकतोय?" अण्णा म्हणाले, आणि अप्पा पायाचं दुखणं विसरून हसले.

वाट भातखाचरांच्या बांधावरून जाते, मग रानात शिरते. ऊन अजून पानांच्या वरच होतं, खाली ओलसर सावली, आणि करवंदाच्या जाळ्यांतून पिकलेल्या फळांचा आंबूस गोड वास येत होता. सरोजक्का मराठीत सुरू करत, कानडीत शिरत, परत मराठीत येत. दुकानातल्या गिऱ्हाइकाची गोष्ट, सुनेच्या बाळंतपणाची गोष्ट, गुडघ्याच्या डॉक्टरची गोष्ट. मला ऐकायला आवडत होतं. पण मनात एकच घोळत होतं. अप्पा निघतानाच पाहुण्यांना दोन्ही डबे वर उचलून मोठ्याने सांगतात: हा डबा माशांचा, हा तुमचा. मग म्हणतात, पाण्याजवळ बोलायचं नाही. ही दोन वाक्यं त्यांच्या तोंडी गाडीच्या भोंग्यासारखी ठरलेली असतात. मी ती रात्रभर म्हणून ठेवली होती. बांधावर म्हणू, असं ठरवलं, बांध संपला. रानात शिरताना म्हणू; रान संपलं. पाणी दिसायला लागलं तेव्हा मी वळले, ओठांवर बोट ठेवलं, आणि सरोजक्का अर्ध्या वाक्यात थांबल्या. तेवढ्यावर मी खूश झाले. डब्यांचं वाक्य राहिलं ते राहिलंच.

डोह त्या सकाळी काय दिसत होता. वरच्या अंगाला खडकांतून पाणी पांढरं होऊन घुसत होतं आणि पुढे येता येता हिरवं, मग काळसर हिरवं होत जात होतं. पलीकडच्या काठावर उंबराचं जुनं झाड पाण्यावर इतकं ओणवं झालेलं की त्याच्या फांद्या आणि फांद्यांची प्रतिबिंबं एकमेकांना हात लावत होती. पाण्यावर उन्हाचा पहिला तुकडा पडला होता, परातीएवढा. ऊन पूर्ण डोहावर पसरेपर्यंतचीच वेळ आपली, नंतर मासा खोल जातो, हे मला माहीत होतं. सरोजक्कांना जांभळीच्या सावलीत सपाट खडकावर बसवलं, दोन्ही डबे त्यांच्याजवळ ठेवले, आणि मी काठी घेऊन खाली धारेशी गेले. रीळ बसवलं, दोरी ओवली, शिसं लावलं, गळ बांधला. गाठ पहिल्याच वेळेला बसली. आता उंडा चढवायचा म्हणून वर आले, तर सरोजक्का मांडीवर डबा घेऊन बसलेल्या, गाल फुगलेला, चेहऱ्यावर तृप्ती.

माझ्याकडे बघून त्यांनी नियमाप्रमाणे अगदी कुजबुजत म्हटलं, "लाडू बरे झालेत गे. पण तूप कमी पडलं बघ. दाताला चिकटायलेत."

डब्यात तळाशी थोडे तुकडे होते.

मी डब्याकडे बोट केलं आणि पाण्याकडे बोट केलं. सरोजक्कांनी डब्यात पाहिलं, पाण्यात पाहिलं, आणि त्यांचा जबडा चालायचा थांबला.

"हे माशांचं?"

मी मान हलवली.

"यव्वा," त्या म्हणाल्या. "माशांचं मी खाल्लं."

आणि त्या हसायला लागल्या. तोंडावर पदर दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खांदे गदगदा हलत. फांदीवरचा खंड्या चिरकत उडून गेला. "ह्यांना सांगू नको गे. अख्ख्या जुन्या हुबळीत सांगत फिरतील. सकाळपासून पोटात काही नव्हतं, समोर डबा, मी म्हटलं पोरीनं प्रेमानं केलंय."

मलाही हसू आलं असतं, पण मी पाण्यावरच्या उन्हाकडे बघत होते. घरी जाऊन नवे उंडे करून आणायचे तर ऊन डोहभर पसरलं असतं, आणि कट्ट्यावर दोन म्हातारे बसलेले, त्यांना मी काय सांगणार होते? एक वाक्य. एक साधं वाक्य माझ्याच्यानं म्हणवलं नाही. बेलूरच्या शेडमधलं लांब टेबल मला दिसायला लागलं, मी ते कधी बघितलेलं नसूनही.

तळाचे तुकडे गोळा करून मी एक छोटा उंडा वळला. तो बारक्या मासळीने टोचून टोचून संपवला. भाकरी मळून लावली. ती धारेत पडताच पिठूळ होऊन वाहून गेली. वांग्याची फोडसुद्धा लावून बघितली, आज आठवलं की हसू येतं. उन्हाची परात आता पसरत पसरत डोहाच्या मध्यापर्यंत आली होती. सरोजक्का माझ्या शेजारी येऊन उकिडव्या बसल्या होत्या, नवे बूट ओले करून, आणि खरोखर गप्प होत्या. घरी गेल्यावर अण्णा हसणार होते, आणि ते त्यांनाच.

मग त्यांनी माझा दंड धरला. इतका घट्ट की बांगडी रुतली. "ते बघ. ते पलीकडं काय वर यायलंय?"

उंबराखाली पाणी एकदा फुगलं आणि बसलं. परत शांत. मग वरून एक पिकलेलं उंबर सुटलं, टप्प करून पाण्यात पडलं, थोडं तरंगलं, आणि खालून एक रुंद, जाड ओठांचं तोंड आलं आणि ते उंबर घेऊन गेलं, इतक्या सहज की जणू कुणी ते तिथे ठेवायलाच सांगितलं होतं. पाठीचा एक तुकडा दिसला. सोन्याला थोडी काळोखी लावावी तसा रंग. अप्पांनी कधीतरी सांगितलं होतं, उंबर पिकले की खडस झाडाखाली येतो. मी ऐकलं होतं आणि चटणीसारखं बाजूला ठेवून दिलं होतं. आमच्या घरात उंडे कधी कमी पडलेच नव्हते.

उंबरं आमच्या काठालाही वाहून आलेली होती. मी त्यातली दोन-तीन घट्टशी निवडली, पण गळ टोचला की फळ फाटायचं. बांधायला दोरा हवा होता. मी पदराची कड उसवायला घेतली, तेवढ्यात सरोजक्कांनी अंबाड्यावरचा गजरा ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. फुलं झडझडून पाण्यात पडली, अबोली आणि मोगरा, आणि गोल फिरत धारेला लागली. त्या दोऱ्याने मी उंबर गळाला बांधलं. शिसं काढून टाकलं, कारण हे तळाला जायचं नव्हतं, तरंगायचं होतं. हात उंचावून काठी मागे नेली, आणि गळ फेकला. उंबर पलीकडच्या फांद्यांच्या थोडं वरच्या अंगाला पडलं आणि पाण्याबरोबर हळूहळू खाली सावलीकडे जायला लागलं. मी काठी सरोजक्कांच्या हातात दिली.

त्या क्षणाबद्दल मला पुष्कळ लिहावंसं वाटतं आणि काही सुचत नाही. पाण्याचा आवाज होता, पण तो कमी झाला होता. उंबर सावलीत शिरलं. दिसेनासं झालं. दोरी पाण्यावर अशी पडलेली की ती दोरी आहे की उन्हाची रेघ हे कळू नये. आणि मग ती रेघ सरळ झाली.

काठी वाकली. रीळ असं किंचाळलं की माझ्या पायाच्या नखापर्यंत ते गेलं. मासा खालच्या अंगाला सुटला होता, सगळ्या डोहाचं पाणी घेऊन, आणि सरोजक्का ओरडत होत्या, "हिडी, हिडी," म्हणजे धर, धर, कुणाला सांगत होत्या कोण जाणे, कारण काठी त्यांच्याच हातात होती आणि घाबरून त्यांनी दुसऱ्या हाताची मूठ रिळावर आवळून धरली होती. दोरी ताणून वीणेच्या तारेसारखी वाजायला लागली. आणखी एक क्षण, आणि तुटली असती.

"सोडा!" मी ओरडले. "अक्का, मूठ सोडा. जाऊ दे त्याला. जाऊ दे."

माझा आवाज पलीकडच्या खडकावर आपटून परत आला आणि मी दचकले. दुसरंच कुणीतरी तिकडून मला ओरडल्यासारखं वाटलं. सरोजक्कांनी मूठ सोडली. रीळ परत किंचाळलं. "काठी वर," मी म्हणाले. "वर, आणखी. आता थांबला. आता गुंडाळा. हळू. पळाला, सोडा. तिकडं खडक हाय, इकडं या, माझ्या मागं या." मी पाण्यात शिरले होते, लुगडं मांडीपर्यंत भिजलं होतं, आणि तोंडातून वाक्यांमागून वाक्यं येत होती, एकही अडत नव्हतं. विचार करायला सवडच नव्हती की कुणी बघतंय. सरोजक्का मात्र मुक्या झाल्या होत्या. ओठ घट्ट, कपाळावरून कुंकू घामाने ओघळलेलं, डोळे दोरीवर. हसावं की रडावं असा चेहरा.

किती वेळ गेला ते मला ठाऊक नाही. ऊन डोहभर झालं होतं. शेवटी तो दमला आणि बाजूवर झाला, आणि उथळ पाण्यात त्याचं अख्खं अंग दिसलं. माझ्या हाताएवढा लांब, खांद्यापासून बोटांपर्यंत. एकेक खवला पितळी नाण्यासारखा. मी हात भिजवून त्याच्या पोटाखाली घातले, गळ काढला. गजऱ्याचा दोरा अजून त्याच्या ओठाला लोंबत होता, तो सोडवला. सरोजक्का गुडघ्यांवर पाण्यात बसल्या. मी त्यांना म्हणाले, "हात ओले करा, अक्का, आणि खालून धरा. दाबू नका." त्यांनी धरला. त्यांच्या हिरव्या बांगड्यांखाली तो कल्ले हलवत होता.

"आता?" त्यांनी विचारलं. आवाज लहान मुलीचा.

"त्याचं तोंड धारेकडं करा. बस्स. ढकलायचं नाही. त्याला दम येऊ दे, त्याचा तो जाईल."

आम्ही दोघी तशाच बसलो. पाणी त्याच्या तोंडातून शिरत होतं आणि कल्ल्यांतून बाहेर पडत होतं. आधी शेपटीचं टोक हललं. मग पाठ ताठ झाली. आणि मग सरोजक्कांच्या तळहातांत काही उरलं नाही, फक्त पाणी, आणि पाण्यात एक अबोलीचं फूल.

संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा दोन्ही म्हातारे कट्ट्यावर तसेच होते आणि हे नुकतेच पाळीवरून आलेले, खांद्यावर पिशवी तशीच, दारात उभे. अण्णा आधीच हसायच्या तयारीत होते. "काय, केवढा?"

सरोजक्कांनी नुसते हात पसरले, अण्णा पसरत असतील तसेच, आणि मग ते हात तसेच हवेत राहिले.

"हिला काय केलंस गे पारू?" अण्णा म्हणाले. "लग्नापासून पहिल्यांदा गप्प बघतोय."

तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी सांगितलं. पाणी कसं फुगलं, उंबर कसं गेलं, रीळ कसं वाजलं, तो कुठल्या अंगाला पळाला. उभी राहून सांगितलं, लुगड्याला नदीची वाळू अजून चिकटलेली होती. मध्येच माझं लक्ष ह्यांच्याकडे गेलं; त्यांनी पिशवी खाली ठेवली होती आणि तोंड थोडं उघडं राहिलं होतं. तरीही मी थांबले नाही.

"उंबरावर?" अप्पांनी विचारलं. "मग उंडे काय झाले?"

सरोजक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे, आणि मग त्यांचं बोलणं परत आलं. "मी खाल्ले," त्या म्हणाल्या. "तूप कमी होतं."

अण्णा इतके हसले की गुडघा धरून बसायची वेळ आली. अप्पा हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. "डबे सांगितले नव्हतेस?" त्यांनी हळूच विचारलं. मी मान हलवली. त्यांनीही समजल्यासारखी मान हलवली, आणि सुजलेला पाय उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला.

बेलूरच्या गाडीचं नाव त्यानंतर घरात निघालं नाही. नको, असंही कुणी म्हणालं नाही. काही दिवसांनी हे पाळीवरून आले आणि पिशवीतून भाजी, साबण, अप्पांच्या पायाचं मलम काढता काढता एक नवा डबा त्यांनी माझ्यापुढे ठेवला, प्लास्टिकचा, लाल झाकणाचा. "लांबून ओळखू येतोय," एवढंच म्हणाले, आणि चहा मागितला.

आज पहाटेपासून पश्चिमेकडे ढग आहेत. चार दिवसांत नदी तांबडी होईल, खडस वर निघेल, काठ्या छताला बांधल्या जातील, आणि दसऱ्यापर्यंत कुणी पाहुणा येणार नाही. तरीही मी थोडंसं पीठ उकळलं. मातीचा वास आला, गुळाचा आला, बडीशेपेचा आला. उंडे वळून लाल डब्यात भरले, झाकण लावलं, आणि रिकाम्या स्वयंपाकघरात दोन्ही डबे वर उचलून म्हटलं, "हा डबा माशांचा. हा तुमचा."

"कुणाशी बोलायलीस गे?" कट्ट्यावरून अप्पांनी विचारलं.

"कुणाशी नाही, अप्पा."

"मग बोल की," ते म्हणाले. "दसरा लांब हाय."

मी परत म्हटलं. आवाज भिंतीपर्यंत गेला, थोडा थबकला, आणि दारातून बाहेर पडला. मी त्याला ढकललं नव्हतं. नुसतं तोंड धारेकडे करून धरलं होतं.